अरुंधती दिसली म्हणायची

नागपूर, गुरुवार, १२ एप्रिल १९३४

अजून डोकं तापलेलं आहे. घरच्यांनी शाळेतून काढलेल्या चार मुलींना मी गच्चीवर तारे शिकवते. आज त्यांतल्या वेणूची आई थेट वर आली.

"बाई, उद्यापासून वेणू येणार नाही. लगन ठरलं. अरुंधती दाखवाले तिचा नवरा आहे ना!"

नवऱ्याने बोट केल्याशिवाय तारा उगवत नाही? आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्ससुद्धा आकाशावर पहारा ठेवत नसत!

मी विचारलं, "तुम्हाला दाखवली तेव्हा दिसली होती?"

ती कसनुशी हसली. "काहून दिसंल? भरदुपारचं लगन, वरून मांडव. भटजी म्हणे, दिसली म्हण. म्हटलं, दिसली. साऱ्याच म्हणतात."



वेणूनेच तिला कठड्याशी नेलं. "आई, सप्तर्षींच्या शेपटीत मधला तो वसिष्ठ. त्याले चिकटून अरुंधती, पाह्य."

"नाही दिसून राहिली वं." मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू, "अवं, आहे!"

जिन्याशी म्हणाली, "लगनापर्यंत येऊ द्या तिले. पोरीनं मांडवात खोटं नको बोलाले."

लग्नापर्यंतच! फाडकन बोलणार होते. पण तिची मान अजून वरच होती.