बिब्याचा डाग

केनवड, दि. ९ सप्टेंबर १९७४, रात्र

आज मी सासूबाईंवर हात उचलला. हे लिहूनही खरे वाटत नाही.

कमल जाऊन चार महिने झाले. आमच्या पाच महिन्यांच्या मुलीला कालपासून जुलाब होत होते. बिब्याने पोट डागले की ते थांबतात, ही इकडची समजूत. दुपारी शाळेतून परतलो, तेव्हा सासूबाई तापल्या सुईवरचा बिबा मुलीच्या उघड्या पोटाजवळ नेत होत्या. मी त्यांचे मनगट पिरगाळले. बांगड्या फुटल्या, रक्त आले, तरी मी सोडले नाही. का सोडले नाही?

"मारा जावईबापू! तुमच्या पुस्तकानं माही कमल वाचली काय?"

त्यांना ढकलून मी मुलीला उचलले आणि तिच्यासकट धावत जाऊन गावातल्या नर्सबाईंना घेऊन आलो. बाईंनी कोणालाच बोल लावला नाही. उकळून निववलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून वाटी सासूबाईंच्याच हाती दिली.

"आजी, बिबा दाराले बांधा, नजर तिथंच अडू द्या. पोटात हे पाणी जाऊ द्या."

"पाण्यानं जुलाब वाढते ना वं बाई!"

"जेवढं गेलं तेवढं भरा लागते, आजी. पोरगी मुतली की समजा, पाणी लागलं." मग माझ्याकडे न पाहता, "सर, तुमी हात धुवा."

माझ्या चमच्याला मुलीने तोंड फिरवले. सासूबाईंच्या हातून प्याली. त्यांच्या मनगटात काच रुतली होती. ती काढण्यासाठीही त्या थांबल्या नाहीत.

दिवेलागणीला त्या ओरडल्या, "जावईबापू, पोरगी मुतली!"

क्षमायाचनेचे वाक्य मनात पूर्ण तयार होते. मी फक्त त्यांच्या हातून ओला लंगोट घेतला आणि धुतला.