अंगाईच्या पुढच्या ओळी

तीर्थरूप आईस,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे, खोलीही उबदार आहे. उगाच जीव टांगणीला लावू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर आलेल्यांना कामाच्या जागी आपल्याकडचं काहीतरी शिकवावं लागतं. मी बालवाडीत तुझी अंगाई गायले. दोनच ओळी आठवल्या. पुढचं कधी ऐकलंच नाही, तोवर मी घोरायला लागायचे! बाकीची लिहून पाठव.

आणि माझी लेक गं, ठकी? तुझ्या कुशीत ती कितव्या ओळीला झोपते? तिची आई असून मला ठाऊक नाही.

इथली पोरं त्या दोन ओळींवरच डोळे मिटतात. मी त्यांना थोपटत बसते. ठकीला मात्र एवढं सांगू नकोस.

तुझी झोपाळू