दुसऱ्या कडव्यानंतर

ता. ९ सप्टेंबर, मंगळवार

चि. टिटवीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आत्याने खालच्या शिंप्याशी पुन्हा भांडण उकरून काढलंय, या वेळी जिन्यातल्या दिव्यावरून. दोघंही मला साक्षीला बोलावतात आणि मी दोघांकडे बघून मान डोलावतो. उभा जन्म रंगभूमीवर काढल्याचा एवढा तरी उपयोग. शिंपी तसा भला माणूस आहे. उद्या कापड आणायला तुमच्या बाजूला येतोय, तर हे पत्र तुझ्या हातात देतो म्हणाला. म्हणून आजच लिहायला बसलो. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊकच आहे. 'बरं', 'हो', 'जेवलीस का', की संपलं.

तू लिहिलंयस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. शुक्रवारी आमच्या जुन्या नाटकाच्या गाण्यांचं तुमचं नवं रेकॉर्डिंग, आणि त्याआधी तू दिग्दर्शकाला सांगून टाकणार की आईनं केलेली ही भूमिका दुसऱ्या कुणाला तरी द्या. कारण काय, तर चादरीच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर आई थांबते, तसं तुला थांबता येत नाही. तो म्हणे जुनी कॅसेट लावतो, हातात घड्याळ घेऊन बसतो, आणि तू थांबलीस की नाक मुरडतो. कधी फार लवकर, कधी फार कोरडं. परवा सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तुझी आई थांबायची तेव्हा थिएटर श्वास धरून बसायचं, तू थांबलीस की वाटतं ओळ विसरलीस." माझ्यासमोर म्हणाला असता तर त्याला ते घड्याळ गिळायला लावलं असतं. असो.

आणि शेवटी तुझं ते वाक्य: "बाबा, आई तिथे काय करत होती ते मला सांगा, नाहीतर मी सोडते."

सांगतो. पण आधी थोडी बडबड करू दे.

या नाटकाच्या गाण्यांच्या नंतर किती आवृत्त्या निघाल्या, तुला माहीत आहेच. चित्रपट आला तेव्हा मोठ्या गायिकेनं गायलं. सुरात म्हणशील तर अगदी चोख. मग तो पन्नास वादकांचा थाट झाला, त्यात व्हायोलिनं इतकी की बाईचा आवाज शोधायला दिवा घेऊन जावं लागे. नंतर दूरदर्शनवर झालं. मी प्रत्येक वेळी ऐकलं, आणि प्रत्येक वेळी लोकांनी विचारलं, की काय हो, जुनीच का बरी वाटते? मी हसून म्हणायचो, जुनं ते आमचं ना, म्हणून. ते खोटं होतं. कारण आहे, आणि ते मला चांगलं माहीत आहे.

ती गाणी तुझ्या आईच्या गळ्यावर बेतली होती. मास्तरांनी चाल बांधली तेव्हा तिसऱ्या कडव्यात वरचा एक सूर होता. तिचा आवाज तिथे चिरकायचा. मास्तर दोन दिवस तिच्यावर चिडले, मग स्वतःवर चिडले, आणि मग तो सूर सरळ खाली आणला. खाली तिचा आवाज थोडा खरखरीत होता, आणि नेमक्या त्या शब्दांना तो शोभला. नंतरच्या सगळ्याजणी ती जागा इतकी गुळगुळीत गातात की मला हसू येतं. ज्या अडचणीपोटी ती जागा जन्मली, ती अडचणच त्यांना नाही. अंगावर बेतून शिवलेला कपडा दुसरीनं टाचण्या लावून घालावा, तसं ते आहे. यात त्या बायकांचा काही दोष नाही.

दुसरं म्हणजे, आम्ही वर्षभर ते रोज करत होतो. तू पाहिलेलं नाहीस, तू तेव्हा विंगेत कपड्यांच्या टोपलीत झोपायचीस. नाटकात तिची कपडे धुऊन इस्त्री करायची लाँड्री, मी तिचा नवरा, घर सोडून निघालेला. त्या गाण्यात आम्ही दोघं एका मोठ्या चादरीची घडी घालतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. जवळ यायचं, टोकं जुळवायची, मागे सरायचं. पुन्हा जवळ. भांडण आणि घडी एकाच वेळी. दुसऱ्या कडव्यानंतर आम्ही अगदी समोरासमोर येतो, ती तिची टोकं माझ्या हातात देते आणि वळून तिसरं कडवं म्हणते. थांबणं म्हणशील तर टोकं हातात द्यायला लागतात तेवढंच. रोजच्या प्रयोगात तेवढंच असायचं. हे नीट वाच. तुझा दिग्दर्शक म्हणतो ते श्वास धरून बसलेलं थिएटर त्यानं पाहिलेलं नाही, कारण ते नव्हतंच. ते लांब थांबणं फक्त कॅसेटमध्ये आहे.

कॅसेट केली ती आमच्याच थिएटरात, प्रयोगाला सुट्टी होती त्या दिवशी. रेकॉर्डिंग करणारा माणूस मफलर गुंडाळून आला होता, चेहरा असा की जणू आम्ही सगळे मिळून त्याला सर्दी देणार. त्याने आम्हाला माइकपुढे ओळीत उभं केलं. चादरीचं गाणं सुरू झालं आणि आमची त्रेधा उडाली. तुझ्या आईची सुरुवात चुकली, मी शब्द विसरलो. रोजचं गाणं! मास्तर ओरडले, "अरे, वर्षभर काय झोपेत गात होता का?" तेव्हा आई म्हणाली, "मास्तर, चादर द्या." रेकॉर्डिंगवाला म्हणाला, कापडाचा आवाज येईल, माइकपासून लांब-जवळ होऊन सगळं खराब होईल. मास्तर म्हणाले, "होऊ दे खराब."

म्हणून त्या कॅसेटमध्ये आमचे आवाज लांब जातात, जवळ येतात. मधे 'फट्' असा आवाज येतो ना, तो चादर झटकल्याचा आहे. नंतरच्यांनी तिथे ढोलाचा ठोका घातलाय. आम्ही माइकसाठी गातच नव्हतो गं. ती मला सुनावत होती आणि मी तिला.

आता मुद्द्यावर येतो. हे वाक्य लिहून मी उठलो आणि चहा करून आलो. आत्या म्हणाली, "आत्ताच तर प्यायलास." इतकी वर्षं हे लिहायचं टाळलं, बोलायचं टाळलं. कुणी कौतुकानं विचारलं की त्या थांबण्यामागे काय विचार होता, तर मी गंभीर चेहरा करून बसायचो. एका वर्तमानपत्रानं तर लिहिलं होतं की त्या शांततेत अख्खा संसार ऐकू येतो. मी ते कात्रण जपून ठेवलंय.

त्या आठवड्यातच डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. तिच्या हृदयाचं. गाणं बंद, प्रयोग बंद, जिने चढणं बंद. कंपनीत कुणालाच सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर रस्त्यात मी म्हटलं, आजच कळवून टाकू. ती म्हणाली, "प्रयोग सोडते. पण आधी कॅसेट होऊ दे. टिटवीला माझा आवाज नको का?" मी पुष्कळ आडवेढे घेतले. तिच्यापुढे माझं कधी चाललं नाही, त्या दिवशीही नाही.

दुसरं कडवं संपलं. आम्ही समोरासमोर आलो, आणि तिने टोकं माझ्या हातात दिलीच नाहीत. तिने कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं. हळूच म्हणाली, "थांब जरा." एवढंच. तिला दम लागला होता. दोघांच्या मधे ती घडी घातलेली चादर होती आणि त्यातूनसुद्धा तिच्या छातीची धडधड मला कळत होती. मला वाटलं आता ओरडावं, थांबवा हे सगळं. व्हायोलिनवाल्याचा गज हवेतच राहिला. मास्तरांनी आमच्याकडे बघितलं आणि उचललेला हात हळूहळू खाली आणला. मग तिनं मान वर केली, टोकं माझ्या हातात दिली, आणि वळून तिसरं कडवं म्हणाली. सगळे म्हणतात ना, तिथे तिचा आवाज विरघळल्यासारखा येतो? टिटवे, तिच्याकडे श्वासच उरला नव्हता गं.

मफलरवाला म्हणाला, मधे फार मोठी जागा पडलीय, पुन्हा घेऊ. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "पुन्हा नाही. हेच." ती टोपलीपाशी जाऊन बसली. तू जागी झाली होतीस. तिनं तुला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "बरं झालं का रे?" मी म्हटलं, फार छान झालं. त्यानंतर ती कधी गायली नाही. पुढचं तुला माहीत आहे.

तर तिथे आई काय करत होती, याचं उत्तर हे. अभिनय नाही, विचार नाही, कसली युक्ती नाही. एका आजारी बाईनं नवऱ्याला सांगितलं, थांब जरा. आणि तुझा तो शहाणा दिग्दर्शक ते घड्याळ लावून मोजतोय. तू मोजून ते आणायचं म्हणतेस आणि येत नाही म्हणून रडतेस. कसं येईल बाळ? आणि येऊच नये. माझ्या पोरीला ते कधीच येऊ नये.

तिनं ती कॅसेट केली ती तू ऐकावीस म्हणून. तिच्याशी तुला कुणी तोलत बसावं म्हणून तिनं ती केली असती, तर मीच तिला उचलून घरी आणलं असतं.

म्हणून माझं ऐक. भूमिका सोडू नकोस. शुक्रवारी तुझ्याबरोबर जो मुलगा गाणार आहे त्याच्या हातात खरी चादर दे, कुणी काही म्हणो. त्याच्याशी खरं भांड. दुसरं कडवं संपलं की टोकं त्याच्या हातात दे आणि सरळ तिसरं सुरू कर. मोजू नकोस. तिसऱ्या कडव्यातला तो सूर मास्तरांनी आईसाठी खाली आणला होता. तुझा गळा तिथे वर जातो, मी लहानपणापासून ऐकतोय. तर वर जा. दिग्दर्शकानं विचारलं तर सांग, मूळ चाल तशीच होती, बाबांनी सांगितलंय. आणि पटत नसेल तर हे पत्र दाखव. मला आता कुणी काय म्हणेल याची पर्वा नाही.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी कर. ती कॅसेट मी अजून लावतो, हे आत्यालाही माहीत नाही. गाणं ऐकत नाही मी. आवाज मोठा करून तेवढी जागाच ऐकतो. तिथे कान दिला की तिचा श्वास ऐकू येतो, एकदा आत, एकदा बाहेर. गाण्यात तो कुठेच नाही, तिथेच आहे. ते थांबणं माझं आहे, टिटवे. ते माझ्यापाशी राहू दे. तू पुढचं गा.

शुक्रवारी येईन असं म्हणालो होतो, पण यायचं नाही मला. सबब सांगत नाही. तुझा आवाज हल्ली अगदी तिच्यासारखा येतो, आणि त्या जागी तो न थांबता पुढे गेलेला ऐकायला मला थोडे दिवस लागतील. झालेली रेकॉर्ड पाठव. मी ऐकेन. लगेच कळवलं नाही तर रागावू नकोस.

शिंपी खालून हाका मारतोय, उद्या पहाटेच निघायचं म्हणून आत्ताच पाकीट मागतोय. दम लागेल इतकं काम करू नकोस. जिना चढताना कधी धाप लागली तर मला आणि डॉक्टरांना, दोघांनाही त्याच दिवशी सांग. लपवू नकोस. एवढंच मागतो.

तुझा, आणि अजून तिचाच,
बाबा