नळीतलं पदक

ब्रियाँसाँ, मंगळवार

प्रिय आई,

मी बरा आहे, जेवतोही नीट. बाबांचा खोकला थांबला का?

काल घाटातल्या सायकल शर्यतीत मी दुसरा आलो. लगेच शर्यतीच्या लोकांना शंका आली, सायकलीत मोटर लपवलीय! तपासनिसांनी एक्स-रे काढला, तर सीटखालच्या नळीत धातूचं काहीतरी दिसलं. नळी उघडली. बाहेर निघालं तुझ्या गळ्यातलं मेरीमातेचं पदक. कधी गुपचूप टाकलंस गं ते आत?

आमचा मेकॅनिक ओरेस्ते ओरडला, "महिनाभर मी ही खुळखुळ शोधतोय!" तपासनीस म्हणाला, "ही मोटर नियमात बसते."

सगळे हसले, मीही हसलो. पदक परत नळीत ठेवलंय.

त्या लोकांना माझ्या पायांचा भरवसा नाही, हे कळतं. पण आई, तुलाही नव्हता?

तुझाच,
इल्वो