येळवशीला केलेलं अपग्रेड

२२ डिसेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात म्हणे. मोबाईलमधेच लिहायलोय, म्हणजे बायकोच्या हाती लागायचं भ्या न्हाई.

आमच्या संस्थेची कॉलेजं बिदर, औराद, भालकी आणि गुलबर्ग्यात. सगळ्या लॅबमधले कॉम्प्युटर एका सर्व्हरच्या ताब्यात. कुठल्या मशीनवर काय सॉफ्टवेअर, कुणाला आत घ्यायचं, कुणाला न्हाई, सगळं तोच ठरवतो. मी त्याला हेडमास्तर म्हणतो. आणि त्याचा हेडमास्तर मी.

काल सेक्रेटरी अंकुशरावांनी सांगितलं. पुढच्या महिन्यापासून सिस्टमचं काम गुलबर्ग्याहून चालणार, माणूस एकच राहणार, त्याला क्वार्टर मिळणार. सध्या इथं बिदरला आमी दोघं, मी आणि रेणुका. ती माझ्या हाताखाली चार वर्षं हाय. निकाल लागल्यातच जमा. पोरगी हुशार हाय, पण हुशार माणसाला कुठंबी नोकरी मिळती. मला कुठं मिळणार? म्हणजे, मी कामून शोधू, असं म्हणायचंय.

२४ डिसेंबर
ठरलं. निकालाच्या आधी अंकुशरावांना काहीतरी मोठं करून दाखवायचं. हेडमास्तरचं व्हर्जन लई जुनं झालंय. अपग्रेड करणार.

कंपनीनं लिहिलंय की मधल्या व्हर्जनवरून एक एक पायरी चढा, उडी मारू नका. हे भित्र्या लोकांसाठी असतंय. रेणुका म्हणाली, सर, आधी एखाद्या जुन्या मशीनवर करून बघू. मी म्हणालो, मी काय आज जन्मलो का? तिचं तोंड पडलं. पडू दे, शिस्त लागती.

बॅकअपसाठी वेगळी डिस्क घ्या असंबी लिहिलंय. आपला बॅकअप आपल्याच सर्व्हरवर बरा. घरची चीज शेजाऱ्याकडं कोण ठेवतंय?

२७ डिसेंबर
मुहूर्त सापडला. सोमवारी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. अख्खा जिल्हा रानात असणार, भज्जी-आंबील खात. कॉलेजांना कुलपं. एकबी कॉम्प्युटर चालू नसणार, म्हणजे एकबी माणूस अडणार न्हाई. असं डोकं कंपनीच्या लोकांना कुठलं? त्यांना येळवसच माहीत न्हाई.

रेणुका म्हणाली, मंगळवारपासून प्रॅक्टिकल परीक्षा हायत, परीक्षा झाल्यावर करू. तिला म्हणालो, तू गावाकडं जा, येळवस कर. श्रेयात वाटेकरी नको.

३० डिसेंबर, सोमवार, सकाळी
नारळ फोडला. सर्व्हरला हळद-कुंकू लावलं. पाणी लांबूनच शिंपडलं, तेवढी अक्कल हाय. बटन दाबलं. स्क्रीनवर अक्षरं पळायलीत, बघत बसावं वाटतंय.

बायकोचा, अंबिकाचा फोन. येळवशीला जावई रानात न्हाई आला तर तिचा भाऊ राघोबा वर्षभर बोलून दाखवतो. खरं हाय. अपग्रेड आपलं आपण व्हायलंय. मी बसून काय त्याला वारा घालू? निघालो.

त्याच दिवशी, दुपारी
औरादजवळचं सासऱ्याचं रान. मोबाईलला रेंज न्हाई. भज्जी, उंडे, तांब्यावर तांब्या आंबील. गुलबर्ग्याच्या क्वार्टरचं सगळ्यांना सांगितलं. दोन बेडरूम म्हणालो. राघोबानं विचारलं, दाजी, ऑर्डर आली का? ऑर्डर म्हणजे नुसता कागद असतो, हे शेतकऱ्याला काय कळणार. कडब्याच्या कोपीच्या सावलीत जरा डोळा लागला.

त्याच दिवशी, दिवस मावळताना
ऑफिसात परत. अक्षरं थांबलीत. शेवटच्या ओळी लाल. डिस्कवर जागा उरली न्हाई, असं कायतरी इंग्रजीत. लई लांबलचक लिहितात, काम झालं असेल तर एका शब्दात सांगावं.

महत्त्वाची गोष्ट ही की दिवसभरात एकाबी कॉलेजातून तक्रार न्हाई. एकबी फोन न्हाई. अपग्रेड यशस्वी. अंकुशरावांना सर्व्हरचा फोटो पाठवला, शेजारी मी.

३१ डिसेंबर
सकाळी सगळ्या कॉलेजांनी कॉम्प्युटर चालू केले आणि ते पहिल्यांदा हेडमास्तरला विचारायला गेले. हेडमास्तर अर्धा जुना, अर्धा नवा. त्याला सगळ्याचा विसर पडलेला. त्यानं त्यांनाबी विसरायला लावलं. सगळ्यांची लॉगिनं गेली. प्रत्येक मशीन असा पासवर्ड मागायलंय जो कुणालाच माहीत न्हाई.

औरादचे प्रिन्सिपॉल शिवय्या फोनवर कन्नड, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत बोलले. मला तिन्ही येतात, हे माझं दुर्दैव. रेणुकाला औरादला पाठवलं. म्हणालो, अनुभव मिळंल. तिथं पोरांसमोर तिला घंटाभर झापलं म्हणे. मिळाला अनुभव.

पोरांनी प्रॅक्टिकल कागदावर दिलं. प्रोग्रॅम पेनानं लिहिला आणि बाहेरून आलेल्या परीक्षकानं विचारलं, हा चालला तर काय दिसंल? एक पोरगी रडली. मार्कं जातील म्हणाली. आमच्या वेळी कॉम्प्युटरच नव्हते, आमी रडलो का?

बॅकअप उघडला. अर्धाच निघाला, कारण त्यानंच डिस्क भरून टाकली होती. अर्धा का होईना, मी घेतला होता.

२ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प केलाय: कुणावर दोष ढकलायचा न्हाई. तरीबी कारणं शोधावीच लागतात. करंट वर-खाली झालं असणार. अमावस्याबी होतीच. आणि निघताना रेणुका म्हणली होती, सर, जपून. असं म्हणायचं असतंय का चांगल्या कामाला?

आज मी सर्व्हर बंद करून चालू केला. मग परत बंद करून चालू केला. केबल बदलली. रेणुका दिवसभर कंपनीच्या माणसाशी फोनवर इंग्रजीत बोलायलीय. मी तिला बाहेर जाऊन बोलायला सांगितलं, माझं लक्ष लागंना. तिचे डोळे लाल झालेत. स्क्रीनकडं बघून होतात.

४ जानेवारी
सोमवारी अंकुशरावांनी मीटिंग बोलावलीय. कुणाचा तरी बळी जाणार. विचार केला. माझ्या मागं संसार हाय, आणि क्वार्टरचं सगळ्या पाहुण्यारावळ्यांत झालंय. रेणुकाचं काय, लगीन ठरायलंय. नोकरी गेली तर सासरचे खूषच होतील.

तिचे वडील काशाप्पा मागल्या महिन्यात तुरीच्या शेंगा देऊन गेले होते. आमच्या पोरीकडं बघा म्हणले, हात जोडून. जरा वाईट वाटलं. चहा प्यायल्यावर बरं वाटलं.

६ जानेवारी
मीटिंग जिंकली!

अंकुशरावांनी विचारलं, हे कुणाचं काम? मी एकदम शांत. म्हणालो, साहेब, सर्व्हर पहिल्यापासून रेणुकाच बघती. अपग्रेडबी तिनंच केलं. मी विश्वास ठेवला, चूक असंल तर तेवढीच. रेणुकानं माझ्याकडं बघितलं. ती भांडंल म्हणून मी दोन उत्तरं तयार ठेवली होती. ती बोललीच न्हाई. उत्तरं वाया गेली.

अंकुशरावांनी परत परत खात्री केली. चार वर्षं हीच बघायलीय? व्हय. सगळ्या कॉलेजांचं? व्हय. औरादला शिव्या खायला कोण गेलतं? हीच. आणि तुमी? मी म्हणालो, देखरेख. त्यांनी मान हलवली. माझं म्हणणं पटल्याबिगर असा माणूस मान हलवत न्हाई.

घरी येऊन अंबिकाला पेट्या काढायला सांगितल्या.

९ जानेवारी
हेडमास्तर जागा झाला. रेणुकानं आणि कंपनीच्या माणसानं एक एक पायरी करत चढवला. चार दिवस लावले! मी एका दिवसात केलं होतं. रागावलो न्हाई, पेढे मागवले. जाणाऱ्या माणसाला गोड तोंडानं वाटेला लावावं.

१० जानेवारी
अंकुशरावांनी केबिनमधे बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. ते म्हणाले, गुलबर्ग्याला रेणुका जाणार. एकच माणूस ठेवायचा तर जो सर्व्हर बघतो तोच ठेवावा लागतो. तुमीच सांगितलंत की चार वर्षं ती बघायलीय. तुमी देखरेख करता. देखरेख मी करीन.

मी खुर्ची पुढं ओढली. म्हणालो, साहेब, खरं सांगू का, ती नावालाच, सर्व्हर मीच बघतो.

अंकुशरावांनी चष्मा काढला. "मग धनराज, येळवशीला अपग्रेड कुणी केलं?"

मी पंख्याकडं बघितलं. मी केलं म्हणावं तर गेलो. तिनं केलं म्हणावं तरी गेलो. त्यांना घाई नव्हती. मी म्हणालो, रेणुकानंच. ते म्हणाले, झालं तर मग.

परीक्षा परत घ्यायला सांगितलीय, कॉम्प्युटरवर. त्या रडक्या पोरीचंबी काम झालं. सगळ्यांचं होतंय.

राघोबाचा फोन आला, क्वार्टरची पूजा कधी? संक्रांत झाल्यावर बघू म्हणालो.

१३ जानेवारी, सोमवार
शेवटचा दिवस. टेबल आवरलं. खरं तर मला मोठ्या शहराचा कंटाळाच हाय. हैदराबादला विचारून बघणार. पुण्याला तर माझ्यासारख्यांची टंचाईच हाय.

रेणुकाला वाईट वाटत असणार, कारण ती खुर्ची सोडून उठली आणि म्हणाली, सर, नव्या व्हर्जनवरून एक काम सगळ्या कॉलेजांना पाठवायचंय, पहिलंच. तुमी चालवता का? बिचारीला अजून माझ्या हाताचा आधार लागतो. बसलो. दिमाखात बटन दाबलं. स्क्रीनवर बिदर हिरवं. भालकी हिरवं. गुलबर्गा हिरवं. औरादबी हिरवं, एक मशीन सोडून. ऊर भरून आला. तिला म्हणालो, बघ, असं असतंय काम, एका फटक्यात.

व्हय सर, म्हणाली.

काय काम होतं गं, मी विचारलं.

"तुमचं लॉगिन काढायचं होतं, सर."

मी हिरव्या ओळी परत एकदा मोजल्या. मग विचारलं, सगळीकडून निघालं का? औरादचं ते एक मशीन बंद हाय म्हणाली. उद्या चालू झालं की तिथूनबी निघंल.