मागली खोली विकू नये

थोरल्या, तुझी कंबर कशी आहे? सूनबाईंचा खोकला थांबला का? धाकटे, लेकीचा ताप उतरला असेल. तू मात्र वेळेवर जेवत जा. मी बरा आहे. सुईत दोरा अजून एका झटक्यात जातो, तेव्हा डोळे आणि डोकं दोन्ही ठिकाणावर आहेत असं समजून पुढचं वाचावं.

मी, धंद्याने टेलर, देवाच्या कृपेने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

बँकेतली शिल्लक दोघांनी सारखी घ्यावी. तुमच्या आईच्या दोन बांगड्या धाकटीला आणि सुनेला एकेक. जोड घालायचा तर एकमेकींकडे मागावा लागेल. तेवढंच येणंजाणं राहील. शिवणयंत्र धाकटीला. थोरल्याने रुसू नये, त्याला बटणही लावता येत नाही.

माझ्या सुटासाठी जपलेलं लोकरीचं कापड कुणालाच नाही. परवा पेटी उघडली, तर कसरीने त्याची चाळण केलेली. साठवणाऱ्यांना प्रभूने हेच बजावलं होतं. मी दर रविवारी चर्चमध्ये ते ऐकायचो आणि घरी येऊन पेटीचं कुलूप ओढून बघायचो.

घर व दुकान दोघांचं. मात्र मागल्या खोलीत आपला इस्त्रीवाला आणि त्याची बायको हयात असेपर्यंत राहतील. भाडं घेऊ नये. तोवर विक्री करू नये.

थोरल्या, तू फोनवर म्हणालास, "बाबा, खोली रिकामी झाली तर दुप्पट भाव येईल. तो आपला लागतो कोण?" आई अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याची बायको तिचं अंग पुसायची. तेव्हा ती आपली कोण, हे कुणी विचारलं नाही. त्या दुप्पट भावाला मीही भुललो होतो, बाळा. पण प्रार्थनेत रोजच्या भाकरीचं मागणं आलं आणि अडलो. ते सगळ्यांसाठी मागायचं असतं. त्या दोघांना वगळून म्हणताच येईना.

वकील म्हणाले, "तुम्ही लिहा, मुलांना मानावंच लागेल." पण ओढून घातलेली शिवण उसवते. मला तुमचा होकार हवा.

साक्षीदार: चर्चचे पाळक (सही), गल्लीतले डॉक्टर (सही)
लिहून देणार: तुमचा बाबा (सही)
ठिकाण: दुकानातलं कापायचं टेबल
दिनांक: आजचा रविवार, उपासनेनंतर

ता.क. इस्त्रीवालाही हात पुसत सही करायला आला होता. ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून परत पाठवला. "मला काय मिळतंय?" म्हणाला. तुमचं उत्तर आल्याशिवाय सांगवत नाही. लवकर लिहा.