आत्याने पाठवलेली चटई

मांगेरे, ऑकलंड
४ मे

ती. लुपेआत्यास,
ओफाचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला तारोच्या कंदांचा हारा पोचला. सितिवेनीने एकट्याने निम्मा फस्त केला, वर म्हणतो वावाऊची पूर्वीची चव राहिली नाही.

पुढचं वाचून तू माझा कान पिळशील, पण दुसरा रस्ता नाही. बाबांना वृद्धाश्रमात ठेवून वर्ष होत आलं. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. आईला त्यांच्याजवळ निजायचं आहे. नुसतं हात धरून बसायचं नाही, बायको नवऱ्याजवळ निजते तसं. पण ती शेजारी टेकली की बाबा उठतात आणि भिंतीशी मान खाली घालून उभे राहतात. आई म्हणते, दार सताड उघडं, जाता-येता नर्स डोकावतात, म्हणून लाजतात. आश्रमाच्या बाई म्हणतात, त्यांची इच्छा आहे की नाही हे त्यांना सांगता येत नाही, तेव्हा दार उघडंच राहील. मुलाने जबाबदारी घेतली तर बघू.

मुलगा म्हणजे सितिवेनी. भावापुढे बहिणीला अंथरुणाचा विषय काढायची सोय नाही. मी दार म्हटलं की तो गाडी धुवायला पळतो. आई तरी मुलाला कसं सांगणार? आत्याचा शब्द मोडायची आपल्यात कुणाची टाप नाही. पण तू बाबांची बहीण. हे तुझ्या कानावर घालणं हेच पाप, तेही कळतं मला. आई खंगत चालली आहे गं. काहीतरी कर.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ओफा


नेइआफू, वावाऊ
२३ मे

चि. ओफास, अ. उ. आ.

पत्र आलं. चष्मा सापडत नव्हता, त्यामुळे तारोच्या पुढचं मी काही वाचलेलं नाही. चुलीत घातलं. निर्लज्ज कार्टे, बापाच्या बहिणीला असं लिहितात? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, ते पोट बिघडल्यामुळे.

जहाजाने एक चटई धाडते आहे. माझ्या हातची, बारीक विणीची. चुकून जरा रुंद झाली आहे. सितिवेनीला सांग, आत्याचा हुकूम आहे. त्याने आपल्या हाताने ती बापाच्या पलंगावर घालायची, आईला आत सोडायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर खुर्ची टाकून बसायचं. कुणी हटकलं तर जबाबदारी माझी म्हणायचं. का म्हणून विचारलं, तर त्याच्या लेकीच्या लग्नात मी पाऊल टाकणार नाही.

लोसेवहिनीला चार घास खायला लाव.

देव तुम्हा सगळ्यांना सांभाळो.
लुपेआत्या


मांगेरे
१५ जुलै

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

चटई पोचली. सितिवेनीने एक शब्द विचारला नाही. कान लालबुंद, पण अंथरली, सुरकुत्या काढल्या, दार ओढलं आणि बाहेर बसला. आश्रमाच्या बाई आल्या तर म्हणाला, जबाबदारी माझी.

पण दार लावल्यावरही बाबा भिंतीशीच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, लुपे, भावाच्या खोलीत असं येऊ नये. आत्या, ते आईला तू समजतात! इतके दिवस तुझ्यापुढे मान खाली घालून उभे होते. दाराचा काही संबंधच नव्हता.

आईने रडून सांगितलं, मी लोसे आहे, तुमची बायको आहे. ते आणखीच आक्रसले. शेवटी ती बहिणीने बसावं तशी लांब, दाराजवळ जमिनीवर बसली. तेव्हा कुठे ते पलंगावर टेकले. तिने विचारलं, तुझी बायको कुठे आहे? म्हणाले, येईल एवढ्यात. आणि चटईच्या कडेला सरकून आडवे झाले, उरलेली तिच्यासाठी मोकळी ठेवून.

आता आई रोज जाते आणि जमिनीवर बसते. तुझं नाव लावून जाते, तिच्यावर रागावू नकोस. मला तर तिच्याकडे बघवत नाही.

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
ओफा

ता. क. आईने विचारलं आहे, लहानपणी बाबा तुझ्याशी काय काय बोलायचे ते कळव. तिला आता तेवढंच बोलता येणार आहे.